गरोदरपणात इन्सुलिनचे युनिट वाढत जातात तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशकात सिडकोत राहता, पहिलंच बाळंतपण, तिसावा आठवडा चालू आहे. चोविसाव्या आठवड्यात शुगर निघाली, दोन आठवडे पथ्य करूनही उपाशीपोटी १०४ आणि जेवणानंतर १६० च्या घरात राहिली म्हणून इन्सुलिन सुरू झालं. रात्रीचं दुधाळ इन्सुलिन ६ युनिटचं १४ वर गेलं, जेवणाआधीचं ४ चं ८ झालं. संध्याकाळी साडेसातला जेवणाआधी दोन्ही एकदमच घेता. गेल्या आठवड्यात दोनदा मध्यरात्री घामाघूम होऊन जाग आली. सासूबाई म्हणतात, आकडा असाच चढत राहिला तर सुई जन्माची मागे लागेल. म्हणून तुम्ही मनानेच रात्रीचा डोस १० वर आणला, तर सकाळची शुगर ११८ झाली. शिवाय जाऊबाईंचं गोळ्यांवर भागलं होतं, मग मलाच सुई का, हेही विचारलं आहे.

आधी घामाचं बघू, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. दुधाळ दिसणारं एनपीएच इन्सुलिन टोचल्यावर त्याचा जोर साधारण चौथ्या ते आठव्या तासात असतो, मग ते ओसरत जातं. साडेसातला घेतलं की जोर येतो साडेअकरा ते साडेतीनच्या दरम्यान. तुम्ही झोपेत, जेवण केव्हाच पचलेलं, आणि इन्सुलिन ऐन भरात. जेवणाआधीच्या पारदर्शक इन्सुलिनचा उरलासुरला परिणामही त्याच वेळी चालू असतो. पहाटे अंगातली इतर संप्रेरकं साखर चढवायला लागतात तेव्हा मात्र दुधाळ इन्सुलिन विरत आलेलं असतं. त्यामुळे एकाच इंजेक्शनने मध्यरात्री शुगर खाली आणि सकाळी वर, असं होऊ शकतं. अशा वेळी डोस कापला की रात्रीचा घाम थांबतो पण सकाळ आणखी बिघडते. तुमच्या ११८ मागे बहुधा हेच आहे.

आज रात्री अडीच-तीनचा गजर लावून शुगर तपासा, आकडा वेळेसकट लिहून ठेवा आणि सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांना तीन गोष्टी सांगा: घाम फुटून जाग येते, दुधाळ इन्सुलिन साडेसातला घेते, आणि डोस मी मनाने कमी केला होता. तिसरी गोष्ट लपवू नका. ती कळली नाही तर ते ११८ हा आकडा १४ युनिटवरचा समजून डोस आणखी वाढवतील. रात्रीची शुगर खरंच ७० च्या खाली जात असेल, तर बहुतेकदा डोस कापण्याऐवजी वेळ सरकवतात. जेवणाआधीचं जेवणाआधीच राहतं आणि दुधाळ झोपताना, दहाच्या सुमारास घ्यायचं. मग त्याचा जोर पहाटेवर येतो, जिथे तो हवा आहे. हा बदल त्यांच्याकडूनच करून घ्या. तुमचे सगळे आकडे, वजन, सोनोग्राफी त्यांच्यासमोर आहे, माझ्यासमोर नाही.

तोवर उशाशी ग्लुकोज पावडरचा डबा आणि पाणी ठेवा. घाम, थरथर, धडधड, अचानक कडकडून भूक लागणं, काही सुचेनासं होणं, यातलं काहीही झालं की शुगर बघा. मशीन हाताशी नसेल तर न बघताच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून प्या. १५ मिनिटांनी तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. शुगर वर आली की अर्धी पोळी किंवा कपभर दूध घ्या, म्हणजे ती परत घसरणार नाही. पेढा, लाडू, चॉकलेट यांचा या वेळी उपयोग नाही, त्यातल्या तूप-लोण्यामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. आणि यजमानांना एवढं सांगून ठेवा की शुद्ध हरपली तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, डाव्या कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

आता चढत्या आकड्याबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या मनात हीच भीती असते, आणि या भीतीपोटी डोस चोरून कमी केले जातात. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

गरोदरपणात इन्सुलिनची गरज वाढवते ती वार, म्हणजे नाळेच्या टोकाशी असलेली, बाळाला पोसणारी प्लासेंटा. वार जशी मोठी होते तशी तिच्यातून निघणारी संप्रेरकं आईच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी करतात. बाळाला साखर कमी पडू नये यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. मधुमेह नसलेल्या बाईचं स्वादुपिंडसुद्धा शेवटच्या महिन्यांत एरवीच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करत असतं. तिच्या शरीरातलं कुणी युनिटमध्ये मोजत नाही, म्हणून तिला ते कळत नाही. तुमच्या स्वादुपिंडाला एवढी मजल मारता येत नाही, उरलेलं बाहेरून द्यावं लागतं, आणि बाहेरून दिलेलं सिरिंजवर मोजलं जातं. विसाव्या आठवड्याच्या पुढे ही गरज चढायला लागते, अठ्ठाविसाव्यानंतर तिचा वेग वाढतो आणि छत्तिसाव्याच्या आसपास ती थबकते. तुम्ही नेमक्या चढाच्या मध्यावर आहात. १४ चे १८ होतील, कदाचित २४ ही होतील. याचा अर्थ वार जोमाने काम करते आहे. बघायचं ते शुगरच्या वहीत: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवण सुरू केल्यापासून एका तासाने १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत. तिथे आकडे बसत असतील तर ८ युनिट लागोत नाहीतर ४०, बाळाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

उलट, जिच्याकडे खरं लक्ष द्यायचं ती गोष्ट म्हणजे गरज अचानक घटणं. छत्तिसाव्या आठवड्यानंतर दोन-चार युनिट कमी लागणं पुष्कळ जणींत दिसतं. पण जेवण नेहमीसारखं असताना दोन-तीन दिवसांत वारंवार शुगर खाली जायला लागली, डोस भराभर कमी करावा लागला, तर घरात ‘चला, शुगर बरी झाली’ म्हणून आनंद करू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. वारेचं काम मंदावतंय का, बाळाची हालचाल, ठोके आणि रक्तपुरवठा ठीक आहे का, हे तपासावं लागतं. बाळाची हालचाल कमी वाटली तर शुगर कितीही छान असो, रात्र असली तरी निघायचं.

इन्सुलिन बाळापर्यंत पोचतं का? नाही. वार साखर पलीकडे जाऊ देते, इन्सुलिन जाऊ देत नाही. डेन्मार्कचे डॉ. योर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेलं गणित आजही आमच्या कामाचा पाया आहे: आईची जास्तीची साखर बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड ती जिरवण्यासाठी स्वतःचं इन्सुलिन भरमसाट तयार करतं, आणि त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या खांद्यांवर, पोटावर चरबी चढते. सोनोग्राफीत पोटाचा घेर पुढे पळताना दिसतो तो यामुळे. मग बाळंत होताना खांदा अडकण्याची भीती असते. जन्मल्यावर नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, बाळाचं इन्सुलिन मात्र चढलेलंच असतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची शुगर खाली जाते. २००८ साली नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आईची साखर जसजशी वर, तसतसा धोका चढत जातो, अमुक आकड्याच्या खाली सगळं बिनधास्त अशी रेघ सापडत नाही. म्हणून १०४ ही ‘थोडीशीच’ वाढलेली शुगर आम्ही सोडून देत नाही.

पोटावर टोचलेली सुई बाळाला लागेल ही भीतीही मनातून काढा. ४ मिलिमीटरची सुई कातडीखालच्या चरबीत थांबते. बेंबीपासून चार बोटं लांब, रोज जागा बदलून टोचा. एकाच ठिकाणी टोचत राहिलात तर तिथे गाठ होते आणि त्या गाठीतलं इन्सुलिन कधी जास्त शोषलं जातं, कधी कमी. पोट फारच ताणलं की पोटाच्या बाजू किंवा मांडी वापरा.

जाऊबाईंच्या गोळ्या म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन. ती वाईट नाही, आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही तिला जागा आहे, काही जणींचं तिच्यावर निभतंही. पण ती वार ओलांडून बाळाकडे जाते, आणि उपाशीपोटीची शुगर चढलेली असेल तर एकटीने पुरी पडेलच असं नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात मेटफॉर्मिन सुरू केलेल्यांपैकी ४६ टक्के बायकांना पुढे इन्सुलिन जोडावं लागलं. दोन आठवडे पथ्य पाळूनही तुमची उपाशीपोटीची १०४ राहिली होती. मी तुमची डॉक्टर असते तरी इन्सुलिनच सुरू केलं असतं.

डोस ठरतो तो तुमच्या वहीवरून, म्हणून वही खरी हवी. गरोदरपणात रक्तपेशी लवकर बदलत असल्याने एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, तितकी भरवशाची राहत नाही, रोजचे आकडेच कामाचे. सकाळची उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतरची शुगर लिहा, सोबत काय खाल्लं तेही दोन शब्दांत. ग्लुकोमीटर वापरण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, नुसते पुसू नका. पिंपळगावकडची एक पेशंट द्राक्षाच्या हंगामात २८० चा आकडा बघून रडत आली होती. मण्यांची छाटणी करून, ओढणीला हात पुसून तिने बोट टोचलं होतं. बोटाला द्राक्षाचा रस. माझ्यासमोर हात धुऊन तपासलं तर ११२. त्या २८० वर कुणी डोस वाढवला असता तर काय झालं असतं, विचार करा.

खाण्याबद्दल तुमच्या आहारतज्ज्ञांनी सांगितलं असेलच, मी दोनच गोष्टींवर जोर देते. पहिली, शुगर कमी दिसावी म्हणून उपाशी राहू नका. इन्सुलिन टळावं या हट्टाने बायका एका भाकरीवर येतात. आकडे सुंदर दिसतात, पण वजन उतरतं, लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळायला लागल्याची खूण) येतात आणि बाळ वाढत नाही. पोटभर जेवून शुगर ताब्यात ठेवता यावी यासाठीच तर इन्सुलिन आहे. दुसरी, सकाळचा नाश्ता. गरोदरपणात सकाळी शुगर सगळ्यात लवकर उसळते. पोह्यांची ताटली आणि साखरेचा चहा, किंवा रविवारची मिसळ आणि दोन-तीन पाव, यानंतरचा आकडा दुपारच्या भरगच्च जेवणापेक्षा जास्त येतो. पोहे मूठभर करा, सोबत उकडलेलं अंडं किंवा मोडाची मटकी घ्या. मिसळीतली मटकी भरपूर, पाव एकच. नागलीची भाकरी चांगली, पण पातळ आंबील प्यायलात तर ती भराभर चढते. द्राक्षं दहा-पंधरा मणी, इतर खाण्याबरोबर. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी आकड्यात फरक दिसतो.

संकष्टीचा उपास तुम्ही धरता की नाही ते लिहिलेलं नाही, पण नाशकात बऱ्याच जणी धरतात म्हणून सांगते. या काही महिन्यांत धरू नका. चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं, वर सवयीने दुपारचं इन्सुलिन टोचलेलं, असा प्रकार मी पाहिला आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन त्या जेवणासाठी असतं, जेवण नसेल तर ते नाही. रात्रीचं दुधाळ मात्र उलटी-मळमळीमुळे जेवण कमी झालं तरी मनाने बंद करायचं नाही, फोन करून विचारायचं. आणि साबुदाण्याची खिचडी शुगर किती वर नेते ते एकदा वहीत लिहून बघाच. डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी, फुलं, फोटो सगळं होऊ द्या. पंचपक्वान्नांतला एक घास मोडलात तर आकाश कोसळत नाही, पण त्या दिवशी इंजेक्शन विसरू नका.

नवव्या महिन्यात कळवणला माहेरी जाणार आहात ना, मग सिरिंजचं नीट समजून घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटच्या येतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधली काडतुसं १०० युनिटची, आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात २५ युनिट जातात, अडीचपट. गावच्या मेडिकलमध्ये तुमचं नेहमीचं मिळालं नाही म्हणून दुसरं घेतलंत की बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवल्याशिवाय टोचू नका. शक्यतो महिन्याचा साठा इथूनच न्या.

न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. उघडलेली बाटली सावलीत, गार जागी साधारण महिनाभर टिकते, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो. एसटीत बॅग वरच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात मांडीवर घ्या. माहेरी दिवसभर वीज नसेल तर माठाशेजारची ओलसर जागा चालते. दुधाळ इन्सुलिन घेण्याआधी बाटली तळहातांत हलकेच पंधरा-वीस वेळा फिरवा. पांढरे कण तसेच दिसत राहिले किंवा पारदर्शक इन्सुलिन गढूळ झालं तर ती बाटली बाद. माहेरी पोचल्यावर दोन दिवस आकडे बिनकारण चढले, तर आधी प्रवासात बाटली तापली होती का ते आठवा.

मधेच आकडे उसळण्याचं आणखी एक कारण तुम्हाला माहीत असावं. वेळेआधी कळा येण्याची शंका आली तर बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर तीन ते पाच दिवस शुगर खूप चढते, इन्सुलिन बरंच जास्त लागतं, मग गरज आपोआप खाली येते. ते इंजेक्शन बाळासाठी मोलाचं आहे, शुगर वाढेल म्हणून नाकारू नका. तेवढे दिवस दवाखान्यात राहून शुगर बघून घ्या.

इन्सुलिन आहे म्हणजे सिझरच, असं नाही. शुगर ताब्यात असेल, बाळाचं वजन आवाक्यात असेल तर बाळंतपण साधं होऊ शकतं. इन्सुलिनवर असलेल्यांना बहुधा एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणायचा सल्ला देतात, फार पुढे जाऊ देत नाहीत. कळांच्या वेळी दर तासाला शुगर बघून ती साधारण ७० ते १२५ मध्ये ठेवतात, लागलं तर सलाइनमधून इन्सुलिन देतात. जागा निवडताना एवढं विचारून घ्या: रात्रीसुद्धा तासातासाला शुगर बघायची सोय आहे का आणि नवजात बाळाचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत का. कळवणला बाळंत व्हायचं की नाशकातच, हे या उत्तरांवर ठरवा. मला विचाराल तर शेवटचे तीन आठवडे नाशकात काढा, आईला इकडे बोलवा.

वार बाहेर पडली की इन्सुलिनची गरज काही तासांतच कोसळते. आदल्या दिवशी ५० युनिट घेणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी एकही लागत नाही, हे आम्ही कायम बघतो. तुमची शुगर गरोदरपणातच निघालेली असल्याने तुमचंही बहुधा बंद होईल, सासूबाईंना हे नक्की सांगा. बाळंत झाल्यावर जुना डोस चुकूनही टोचला जाऊ नये म्हणून नर्सना आठवण करा. बाळाला पहिल्या तासात छातीशी घ्या, चीक पाजा, आणि त्याच्या टाचेतून रक्त घेऊन शुगर तपासतील तेव्हा घाबरू नका.

सहा आठवड्यांनी, बाळाच्या लसीसाठी जाल तेव्हाच, स्वतःची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी उपाशीपोटी जाऊन करून घ्या. बाळाच्या गडबडीत हीच तपासणी सगळ्यात जास्त राहून जाते. ती चांगली आली तरी पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून वर्षातून एकदा शुगर बघत राहा. आणि दुसऱ्या बाळाचा विचार कराल तेव्हा दिवस जाण्याआधीच शुगर तपासून घ्या. बाळाचं हृदय, मेंदू, पाठीचा कणा पहिल्या आठ आठवड्यांत घडतात, म्हणून त्या वेळी शुगर आधीपासून ताब्यात असावी लागते.